दोनदा मांडलेला वाटा

कानाला हेडफोन लावून हर्षाली चाचणीला बोलावलेल्या पोरांच्या खेळण्याचं रेकॉर्डिंग ऐकत होती, तेव्हा त्यांतला एक जण शेजारच्याला म्हणाला, "कुठलं पण घे ना यार, सगळं सेमच आहे." बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. टपरीवर उभं राहून चहा सांगावा तसा तो बोलून गेला आणि खेळायला लागला. हर्षालीनं तेवढाच तुकडा मागं नेऊन पुन्हा ऐकला. मग पुन्हा. विहिरीतून बादली ओढताना ती मध्येच दोरातून सुटावी आणि हात एकदम हलके होऊन कपाळाकडे यावेत, तसं तिला झालं. पुण्यातल्या त्या कंपनीत अवकाशयानांच्या लढाईचा एक खेळ बनत होता. खेळणाऱ्यानं आधी आपल्या यानाला एक शस्त्र जोडायचं, मग लढायचं. शस्त्रं तीन: तोफ, किरण आणि भोवरा. कशानं किती मोडतोड व्हावी, कुठवर पोचावं, एकदा सोडल्यावर किती वेळ थंड व्हायला लागावा, हे सगळं तोलून बसवायचं काम हर्षालीचं. अमकं घेतलं म्हणून जिंकला, असं कुणाला म्हणता येऊ नये, यासाठी ती पगार घेत होती. आणि आज ते काम पुरं झालं होतं. सकाळच्या मीटिंगमध्ये तिच्या वरचा सार्थक पडद्यावर तीन खांब दाखवत होता. लोकांनी तिन्ही शस्त्रं सारखीच निवडली होती, तिन्हींवर सारखेच जिंकले होते. "हर्षाली, हा ग्राफ फ्रेम करून घरी लाव," असं म्हणून त्यानं टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही वाजवल्या. तिनं मान खाली घालून हसून घेतलं होतं. आता तेच तीन खांब तिला तीन भावंडांना एकाच कापडाचे सदरे शिवावेत तसे दिसायला लागले.

"एक राहिलंय," दुपारी सार्थक तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला. "पैसे लावणाऱ्यांना प्रत्येक शस्त्राचं कारण पाहिजे. हे का आहे, हे नसलं तर काय बिघडेल. दोन-दोन ओळी. ज्याला कारण नाही ते काढून टाकू, तेवढंच काम कमी." तोफेचं कारण तिला तिथल्या तिथं सुचलं: सावकाश, पण लागली की दणका. किरणाचंही: धरून ठेवावा लागतो, हळूहळू जाळत नेतो. भोवऱ्यापाशी येऊन ती थांबली. सार्थक म्हणाला, "गावाला चाललीयेस ना? तिथं शांत डोक्यानं लिही." शांत डोकं हा शब्द तिला चावल्यासारखा झाला. गावाला ती ज्या कामासाठी निघाली होती, ते याच्याहून निराळं नव्हतं.

भोवरा तिनं सगळ्यांत आधी बनवला होता, तोफेच्याही आधी. तेव्हा सार्थक हसला होता. "अवकाशात भोवरा फिरणार कशावर?" तो म्हणाला, आणि ती म्हणाली, "कशावरच नाही, म्हणून तर थांबत नाही." तो पहिला भोवरा यानातून सुटला की आधी भलतीकडेच जायचा, लांब जाऊन वळायचा आणि येताना शत्रूला पाठीमागून गाठायचा, सोडणारा बेसावध राहिला तर परत येऊन त्यालाच फोडायचा. ज्यानं भोवरा सोडला त्याला जागा सोडावी लागे. ते बघताना तिच्या अंगावर काटा यायचा. मग तक्रारी आल्या की आमचंच शस्त्र आम्हाला मारतं. तिनं परतीचा मार कमी केला, पुढे काढूनच टाकला. वळण ओळखता येत नाही म्हणाले. वळण सरळ केलं. मग तो लेचापेचा झाला म्हणून त्याचा दणका वाढवला. प्रत्येक वेळी तिच्याकडे कारण होतं आणि प्रत्येक कारण बरोबर होतं. शेवटी उरलं ते काय, तर दुसऱ्या रंगाची तोफ. लहानपणी नानांनी, म्हणजे तिच्या चुलत्यानं, बाभळीच्या लाकडाचा भोवरा घडवून दिला होता. त्याची लोखंडी आर पायात घुसेल म्हणून आईनं ती उपटून काढली, तेव्हा तो भोवरा असाच झाला होता, हातात धरायला बरा, जमिनीवर टाकला की कलंडणारा. आणि यातलं खरं टोचणारं हे की, भोवरा आपला आवडता आहे हे तिला माहीत होतं. आवडता होता म्हणूनच कातरायची वेळ आली की ती पहिली कात्री त्याला लावायची, उगाच कुणी म्हणायला नको.

वाकडेवाडीहून एसटी निघाली ती चाकणच्या गर्दीत अडकली. खिडकीच्या काचेला डोकं टेकून ती बसली, तरी त्या पोराचा आवाज कानातून जाईना. सगळं सेमच आहे. मंचर गेलं, नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो दिसायला लागले, आणि तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की हे वाक्य तिनं आधी ऐकलेलं आहे, दुसऱ्या आवाजात, गावी डिंगोऱ्याच्या रानात. ती शाळेत होती तेव्हाची गोष्ट. आजा गेल्यावर तिच्या वडिलांनी, अण्णांनी, थोरल्या रानाची वाटणी मांडली. त्यांच्याकडे रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. जो वाटा पाहिजे त्यातलं एक ढेकूळ उचलून उपरण्यात बांधायचं, की झालं. अण्णांनी दोर घेऊन रान मापलं. कालव्यापासून ओढ्यापर्यंत असा सरळ पट्टा ओढला की काळी माती दोघांना सारखी, खडकाळ तुकडा दोघांना सारखा. खळ्याच्या मधोमध रेघ. जांभळाचं झाड रेघेवर. विहीरही रेघेवर, पाण्याला पाळी. गावातली माणसं अण्णांना म्हणाली, चांगदेवभाऊ, तराजू लाजंल अशी वाटणी केलीत. नाना दोन्ही वाट्यांतून फिरले, उकिडवे बसले, एक ढेकूळ हातात घेतलं आणि टाकून दिलं. "दादा, ह्ये दोन वाटे न्हाईत," ते म्हणाले. "ह्यो एकच वाटा हाय, दोनदा मांडलेला. मी उचलू काय?" अण्णांचा चेहरा उतरला. "म्हंजी मी लबाडी केली म्हन की!" "तसं कुठं म्हनलो मी?" "मंग उचल." "आरं, पर काय उचलू?" माणसं हसली, नंतर हसायची थांबली. नाना उठून घरी गेले. तेव्हापासून थोरलं रान पडीक राहिलं, त्यात बाभळी माजल्या, आणि दोघं भाऊ एकमेकांशी थेट बोलायचे बंद झाले. विहिरीवर मात्र पाळीनं येत राहिले. पाळी इतकी चोख की एक असताना दुसरा तिकडे फिरकायचा नाही. नोकरीच्या मुलाखतीत हर्षालीला कुणीतरी विचारलं होतं की तुझ्या मते उत्तम तोल म्हणजे काय, तर तिनं ही वाटणीच सांगितली होती. नाना उठून गेले ते सांगितलं नव्हतं. त्यांना हाव सुटली होती, असंच ती तोवर धरून चालली होती. आणि आता नानांनीच निरोप धाडला होता की हर्षीनं वाटे पाडले तर उचलीन.

दारात बॅग टेकवली तशी आईनं पाणी दिलं. अण्णा ओट्यावर गुडघे चोळत बसले होते. "आलीस? चहा घे, मग रानात जाऊ," म्हणाले. हर्षालीनं विचारलं, "नाना खरंच उचलतो म्हणाले का?" "राघू धनगर सांगत व्हता. मला थोडंच कोन सांगतंय." मग ते म्हणाले, "माझ्यासारखंच कर. पर त्याला पटंल असं." "तुमच्यासारखं केलं तर ते पुन्हा उठून जातील, अण्णा." "मंग त्यालाच इचार, काय पायजे त्ये. आमी दोघं गेल्यावर तू आन त्याचा पोरगा शौर्य कोर्टात भांडत बसावं, ह्ये काय मला बघायचं न्हाई." "आणि तुम्हाला काय पाहिजे?" अण्णांनी गोठ्याकडं बघितलं. "मला काय पायजे? मला काय नगं. सारखं झालं म्हंजी झालं." ते वाक्य ऐकून ती चमकली. हेच, याच सुरात, तीच सार्थकला म्हणाली होती. माझं आवडतं असं काही नाही, सगळी सारखीच.

उन्हं कलती झाल्यावर ती एकटीच रानात गेली. पडीक रानात राघू धनगराची मेंढरं बसली होती. राघू काठीवर हनुवटी टेकून उभा होता. हर्षालीला बघून त्यानं पागोटं मागं सारलं. "या पुणेकर! लवकर वाट्याचा निकाल लावा बरं का. तुमच्या रानात मेंढरं बसवायची म्हंजी लई वांदा. एकाच्या दारात खतापायी पायलीभर जवारी मागावी, तर दुसरा म्हनतो, माझ्या अर्ध्यातल्या लेंड्या उचलून ने." "मग तुम्ही काय करता?" "काय करनार? मेंढरास्नी सांगतो, बायांनो, रेघंवर बसा." तो स्वतःच खदखदून हसला. हर्षालीही हसली, पण हसता हसता तिची नजर विहिरीकडं गेली आणि तिथंच राहिली. पाळी अण्णांची होती. घरी ज्यांना उठताना भिंत धरावी लागते ते अण्णा पायऱ्यांवरून पाण्यात उतरले होते आणि उताणे तरंगत होते. हात पसरलेले, डोळे मिटलेले, गुडघ्यांचं दुखणं जणू काठावरच्या कपड्यांत ठेवून आलेले. पोट तेवढं पाण्याबाहेर, त्यावर जांभळाचं एक पान. तिला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं, पाठीला डबा बांधून, याच पाण्यात. ते आपल्या पाळीला काहीतरी निमित्त काढून विहिरीवर जातात हे तिला लहानपणापासून माहीत होतं; फक्त त्याला काय म्हणायचं, ते तिनं कधी ठरवलं नव्हतं. आता ठरलं. अण्णांना विहीर पाहिजे होती. नुसती पाहिजे नव्हती, जिवापाड पाहिजे होती. आणि धाकटा आधी उचलणार, तो विहीरच उचलील, या भीतीनं त्यांनी ती चिरली होती. खळं चिरलं, झाड चिरलं, सगळंच सारखं चिरलं, म्हणजे विहीर का चिरली ते कुणाला कळू नये. त्यांची वाटणी खोटी नव्हती. पण तिच्यात लपून बसायला जागा होती, आणि ते इतकी वर्षं तिथं लपून बसले होते. तिला आपल्या दुसऱ्या रंगाच्या तोफेची आठवण झाली.

मग काय करायचं? अण्णांच्या वाट्याला विहीर जाईल अशी काही युक्ती करता आली असती. नानांना काळ्या मातीची ओढ आहे असं धरून माती त्यांच्यापुढं ढकलायची, विहिरीचा वाटा इतका हलका करायचा की त्यांनी तो घेऊच नये. असले हिशेब तिला जेवता जेवता जमत. पण तसं केलं की ती पुन्हा कातरत बसणार, फक्त या वेळी दुसऱ्या टोकानं. मेंढरांच्या वासात, पायाखालच्या काटक्या मोडत ती रेघेच्या या बाजूनं त्या बाजूला येरझाऱ्या घालत राहिली. जे गेलं तर कुणालाच चुटपुट लागणार नाही, त्याला वाटा कशाला म्हणायचं? आणि जे गेल्यावर बापाच्या जिवाला लागणार, ते डोळ्यांदेखत मांडायचं म्हणजे तरी काय? अण्णा टॉवेलनं डोकं पुसत वर आले. तिला बघून लहान पोरासारखे ओशाळले आणि म्हणाले, "मोटार बघाया उतरलो व्हतो."

सकाळी तिनं फक्कीची पोती मागवली आणि स्वतः रेघ ओढली. रेघ सरळ नव्हती. कालव्यापासून निघून ती काळ्या मातीच्या कडेनं गेली, मग वळून विहिरीला, जांभळाला आणि खळ्याला पोटात घेऊन ओढ्याला मिळाली. एका बाजूला जवळजवळ सगळी काळी माती आणि कालव्याचं पाणी. दुसऱ्या बाजूला खडकाळ तुकडा, झाड, खळं आणि अख्खी विहीर. अण्णा बघतच राहिले. "अगं, ह्ये काय केलंस? ह्याला वाटे म्हनत्यात व्हय?" राघू पंच म्हणून उभा होता, तो म्हणाला, "एकीकडं ताट हाय भाऊ, आन एकीकडं तांब्या." नाना, म्हणजे भागू, बांधावर हाताची घडी घालून उभे होते. ते राघूला म्हणाले, "तिला म्हनावं, कारन सांग. असं का पाडलं?" सार्थकला लिहून द्यायच्या दोन ओळी जणू इथंच हर्षालीकडं मागितल्या जात होत्या. "माझ्याकडे एकच कारण आहे नाना," ती म्हणाली. "जो वाटा जाईल त्याची रुखरुख लागेल. दोन्हीकडं लागेल. त्यापलीकडं मी काही मापलेलं नाही." लांबून घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता.

नाना या वेळी रानातून फिरले नाहीत की उकिडवे बसले नाहीत. सरळ चालत विहिरीच्या वाट्यातल्या खळ्यापर्यंत गेले, वाकले, आणि एक ढेकूळ उचलून उपरण्याच्या टोकात बांधलं. सगळं इतक्या पटकन झालं की हर्षालीला वाटलं, अजून काहीतरी व्हायचं बाकी आहे. मग तिनं अण्णांकडं बघितलं. त्यांचा हात खांद्यावरच्या टॉवेलवर गेला होता आणि तिथंच थांबला होता. तोंडावर काही नव्हतं, आणि तेच बघवत नव्हतं. हे मी केलं, तिच्या मनात आलं, हे कुठल्याही ग्राफात दिसणार नाही. "राघू," अण्णा खरखरत्या आवाजात म्हणाले, "त्याला म्हनावं..." आणि अडखळले. काय म्हणावं ते राघूच्या तोंडून जाण्यासारखं नसावं. त्यांनी मान फिरवली आणि ओरडले, "भागू, लेका, तुला धड पवताबी येत न्हाई रं!"

राघूची मेंढरं दचकली. नाना वळले. "न्हाई येत," ते म्हणाले. "म्हनून लांब बांधावरनं बघत बसतो." "कवा?" "तुझ्या पाळीला." नानांनी उपरण्याची गाठ उगाच पुन्हा आवळली. "हीर खांदताना आपला बाप खाली सुरुंग लावायचा तवा तू मला ह्याच खळ्यात दाबून धरलं व्हतं, कानावर हात ठिवून. विसरलास? अर्धी अर्धी हीर माझ्या काय कामाची दादा? तू तुझ्या पाळीला येनार, मी माझ्या. मरस्तवर गाठ न्हाई." "मंग तवाच बोलायचं व्हतंस!" "तू इचारलंस का? तू नुसतं उचल उचल करत व्हतास!" आणि मग दोघं भाऊ खळ्यात समोरासमोर उभे राहून असे भांडले, की कुणाची म्हैस कुणाच्या मक्यात गेली होती तिथंपासून ओझरला गणपतीला कुणी कुणाला मागं ठेवून जीप हाकली होती तिथंपर्यंत सगळं निघालं. मध्ये पडायला गेलेला राघू परत आला आणि हर्षालीला हळूच म्हणाला, "मला सुट्टी मिळाली म्हनायची. निरोप्याचं काम लई वंगाळ."

घरी येताना अण्णा तिच्या पुढं चालत होते. दारात चपला काढताना पाठमोरेच म्हणाले, "लई वाकडे वाटे पाडलेस." "हो." "मला वाटलं व्हतं, तू माझ्या बाजूची हायेस." ते तिला आत कुठंतरी लागलं आणि लागूनच राहिलं. "मी कुणाच्याच बाजूची नव्हते, अण्णा." "त्येच तर," अण्णा म्हणाले. "मी बी नव्हतो."

दुपारी तिनं ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला. भोवऱ्याचं वळण परत घातलं, मग परतीचा मारही, पहिल्याइतकाच. कारणाच्या जागी एक ओळ लिहिली: हे शस्त्र सोडणाऱ्याला जागा सोडावी लागते. पाठवून दिल्यावर सार्थकचा फोन आला. "हे काय केलंस? तीन खांब वाकडे होतील. लोक चिडतील." "चिडू देत. निवडतील तरी." "आणि वरच्यांनी काढच म्हटलं तर?" तिच्या तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं. "तर मला वाईट वाटेल, सार्थक. ते माझं आवडतं आहे." मग तो म्हणाला, "हे तू आधी कधी बोलली नाहीस," आणि बघतो म्हणून त्यानं फोन ठेवला. बघतो म्हणजे काय, ते तिला कळलं नाही. हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटत नव्हतं. आतून अण्णांच्या हालचालीचा आवाज येत होता. उठले, बसले, पुन्हा उठले. खुंटीवरचा टॉवेल काढला, परत लावला. शेवटी टॉवेल खांद्यावर टाकून, भिंत धरत धरत ते तिच्यासमोरून रानाकडं निघाले.

ती मागोमाग गेली, थोडं अंतर ठेवून. फक्कीची रेघ उन्हात डोळ्यांवर येत होती. अण्णा रेघेपाशी जाऊन थांबले. त्या पाण्यात ते जन्मभर न विचारता उतरले होते, आणि आता पाऊल उचलता उचलत नव्हतं. विहिरीच्या कडेला नाना मोटार चालवून पाइपाशी काहीतरी खटपट करत होते. मोटारीच्या घरघरीत त्यांना काही ऐकू जात नसावं. अण्णांनी घसा साफ केला. टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. परत फिरतात की काय, असं हर्षालीला वाटलं. "भागू!" अण्णांनी हाक मारली. नानांनी वर बघितलं नाही. "भागू, येऊ का रं पवाया?" मोटार तशीच घरघरत राहिली. अण्णा उभे. ती उभी. मग वाकलेले नाना सरळ झाले, हात धोतराला पुसत पेटीकडं चालायला लागले.

"थांब जरा," ते ओरडले, "मोटार बंद करतो."